तोंड झाकलेल्या माणसाला आशीर्वाद

ला होया सेका, न्यू मेक्सिको
८ जानेवारी

प्रिय कोमाद्रे ओफेलियाबाई यांस,
कासिल्दाचा स. न. वि. वि.

यंदा बसच्या ड्रायव्हरकडून सणाचा गोड पाव, रोस्का, आली नाही म्हणून तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडली असतील. मोडा. तीन राजांच्या सणाला या वर्षी गावात कुणाच्याच घरी माझी रोस्का गेली नाही. मळलेलं पीठ फुगून परातीबाहेर आलं आणि शेवटी शेजारच्या डुकरांना घालावं लागलं.

कारण सांगते. सणाच्या आदल्या सकाळी दुकान उघडलं तेव्हा बाहेर रांग लागलेली होती. एउसेबिओ, माझा बेकरीतला कारागीर, भट्टीपाशी होता, मी गिऱ्हाइकं बघत होते. तीन गाड्या येऊन थांबल्या आणि इमिग्रेशनचे लोक उतरले. अंगात चिलखती जाकिटं, डोळ्यांपर्यंत तोंडं झाकलेली, छातीवर नुसतं ‘पोलीस’ एवढंच. कुणाचं नाव नाही, कुणाचा नंबर नाही. त्यांच्याजवळ एक फोटो होता. तो माणूस पूर्वी माझ्या माडीवर भाड्याने राहायचा, तो कधीच सोडून गेला. मी तसं सांगितलं. कुणाच्या हुकमाने आलात ते विचारलं, न्यायाधीशाची सही असेल तर दाखवा म्हटलं. त्यावर मला बाजूला व्हायला सांगितलं. ज्याला शोधत होते तो मिळाला नाही, मग रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून एउसेबिओला उचलला. त्याचा इथे राहण्याच्या परवानगीचा अर्ज सरकारकडे पडून आहे, त्याची पोचपावती त्याच्या खिशात होती. ती कुणी उघडूनही पाहिली नाही. पिठाने भरलेले हात तसेच मागे बांधून नेलं त्याला.

तेव्हापासून त्याची बायको मौरा या कचेरीतून त्या कचेरीत फिरते आहे. सगळीकडे एकच विचारतात, कोण घेऊन गेलं. आता ज्यांना तोंड नाही आणि नाव नाही, त्यांच्याबद्दल तिने काय सांगायचं? कुठे ठेवलंय ते कुणालाच माहीत नाही. तिच्या धाकटीला वाटतं, बाबा शहरात मोठी रोस्का भाजायला गेलाय.

त्या सकाळी दुकानात आणखी एक गोष्ट घडली. ती पत्रात लिहिण्यासारखी नाही, म्हणून लिहीत नाही.

आपला एलॉय सध्या कुठे असतो? शहरात सरकारी नोकरी लागली असं तुम्ही मागे कळवलं होतं. कसली नोकरी ते मी विचारलंच नव्हतं.

तुमचं शेळीचं चीज संपलं आहे, हे सहज सांगते. लोभ आहे, तो आहे तिथेच राहू द्या.

तुमची कोमाद्रे,
कासिल्दा

---

आल्तो देल पिन्योन
१४ जानेवारी

प्रिय कोमाद्रे कासिल्दाबाई यांस,
ओफेलियाचा स. न. वि. वि.

बोटं मोडली होती, खोटं कशाला बोलू. चांगली दहाही मोडली. मग तुमचं पत्र आलं आणि मी चर्चमध्ये जाऊन माफी मागून आले. सोबत चीज पाठवते आहे. थंडीने दोन शेळ्यांचं दूध आटलंय, तेव्हा गोळा लहान दिसला तर माझ्या चिकटपणावर घालू नका.

एउसेबिओचं वाचून ताट बाजूला सारलं. त्याच्या हातची रोस्का मी इतकी वर्षं खाल्ली, आणि त्याचा चेहरा नीट आठवेना याची लाज वाटली. कसल्याही सणाला तो कायम भट्टीकडे तोंड करून उभा.

पण कोमाद्रे, एक बोलू का, रागावू नका. रेडिओवर ऐकलं की त्या इमिग्रेशनवाल्यांचे फोटो लोक खांबांवर चिकटवतात. एकाच्या घरावर दगड मारले, त्याच्या मुलीला शाळेत कुणी शेजारी बसू देईना. त्यांनाही आया असतीलच ना. तोंड झाकतात ते भीतीने झाकत असतील. चुकीच्या माणसाला नेलं हे वाईटच, त्याचा जाब कुणीतरी दिलाच पाहिजे. पण सगळेच काही राक्षस नसतात.

एलॉय मजेत आहे. कचेरीत बसून कागदपत्रांचं काम आहे म्हणतो. सैन्यातून आल्यावर किती दिवस नुसता छताकडे बघत पडायचा, ते तुम्ही पाहिलंच आहे. आता खुर्ची आहे, हीटर आहे, दुपारी जेवायची सुट्टी आहे. आई म्हणून मला आणखी काय पाहिजे? फेब्रुवारीत मेणबत्त्यांच्या सणाला येतो म्हणालाय. मक्याचे तमाल करीन. त्याला तुमच्याकडे पाठवते, पण वाळवून पाठवा, माझ्या पोराला नुसता पाव खाऊ घालून फुगवू नका.

परवा भाऊ आला होता. तो अजून हसतो आपल्याला. शाळेत एकमेकींच्या वेण्या ओढणाऱ्या दोघी आता एकमेकींना तुम्ही-आम्ही करतात म्हणतो. मी म्हटलं, हिने माझ्या लेकराला बाप्तिस्म्याला हातावर घेतलं, त्या दिवसापासून ती माझी कोमाद्रे. त्या नात्यात अरे-तुरे चालत नाही आणि भांडणही चालत नाही. तो म्हणाला, मग तुम्ही दोघी इतकी वर्षं काय करता? त्याला जेवायला वाढलं नाही.

ती न लिहिण्यासारखी गोष्ट काय आहे? मला आता झोप येणार नाही. इथे फोन लागत नाही, टेकडीवर चढायला गुडघे नाहीत, तेव्हा पत्रातच लिहा.

माया करताच आहात, करत राहा.

तुमची,
ओफेलिया

---

ला होया सेका
१७ जानेवारी

चि. एलॉय यास,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. या खेपेला तो लिहीत नाही, कारण तो तू त्या सकाळी माझ्या दुकानातून घेऊन गेला आहेस.

बाकीचे आत घुसले तेव्हा तू दारात मागे राहिलास. त्यावरून मला काही कळलं नव्हतं. मग एउसेबिओला घेऊन निघताना तू माझ्यासमोरून गेलास आणि थांबलास. टोपी काढलीस, मान खाली घातलीस. चालायला लागलास तेव्हापासून माझ्या दारातून बाहेर पडताना जसं करत आलास तसंच. आणि माझा हात वर गेला. मी विचार केला नाही रे. पिठाच्या बोटांनी तुझ्या कपाळावर क्रूस काढला. तू डोळे वर केलेस तेव्हा आपल्या दोघांनाही कळलं की काय झालं.

रांगेतल्या कुणीतरी ते फोनवर टिपलं. तू पाहिलंच असशील. वर्तमानपत्राने लिहिलं की बेकरीवालीने अधिकाऱ्याला क्षमा केली. फादर रविवारी माझं उदाहरण देऊन बोलले, मी मागच्या बाकावर बसून जमिनीकडे पाहत होते. गावातली काही माणसं दुकानासमोरून जाताना थुंकतात. मौरा मात्र रोज येते, एउसेबिओच्या जागी भट्टीपाशी उभी राहते, आणि मधूनच माझ्या हाताकडे बघते. मला ते थुंकणं परवडतं.

आता पुढचं ऐक. आमच्या भागाच्या आमदार आबेता बाई घरी आल्या होत्या. त्यांनी सांता फे इथे राज्याच्या विधानसभेत एक कायदा मांडला आहे. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने तोंड उघडं ठेवायचं, छातीवर नाव लावायचं, घरादारात शिरण्याआधी न्यायाधीशाची सही दाखवायची आणि माणूस नेला तर कुठे नेला ते त्याच्या घरच्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत कळवायचं. एवढंच. मी म्हटलं, एवढ्याला कायदा कशाला लागतो, एवढं तर माझ्या दुकानात पाव न्यायला येणारी पोरंही करतात. त्या हसल्या नाहीत. समितीपुढे ३ फेब्रुवारीला सुनावणी आहे आणि मी साक्ष द्यावी म्हणतात. शपथेवर. त्या व्हिडिओमुळे सगळे माझं ऐकतील असं त्यांना वाटतं. त्यांना काय माहीत.

शपथ घेतल्यावर मला पहिला प्रश्न काय विचारतील ते तुलाही कळतं, मलाही कळतं.

तुझ्या आईला मी काही लिहिलेलं नाही. तिला वाटतं तू खुर्चीवर बसतोस.

तुझ्याकडे एकच मागते. एउसेबिओ कुठे आहे ते सांग. तू त्याचे हात बांधत होतास की नव्हतास ते मी पाहिलेलं नाही, आणि मला ते सांगूही नकोस. तो कुठे आहे तेवढं सांग.

तुझी धर्माची आई, माद्रीना कासिल्दा

---

(पत्ता लिहिलेला नाही)
२३ जानेवारी

ती. माद्रीना यांस,
एलॉयचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गाडीत बसून वाचलं, घरी न्यायची हिंमत झाली नाही.

आम्हाला कुठे जायचं ते गाडी निघाल्यावर सांगतात. गल्लीचं नाव ऐकलं तेव्हा वाटलं, गल्लीत इतर घरंही आहेत. तुमचं दार दिसलं तेव्हा उतरून परत जावंसं वाटलं. गेलो नाही. म्हणून दारातच थांबलो. एउसेबिओला मी हात लावला नाही, पण लावला असता तरी आज मी हेच लिहिलं असतं, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायची तुम्हाला गरज नाही.

मान मी खाली घातली नाही माद्रीना. ती आपोआप गेली. मला स्वतःलाच कळलं नाही.

साहेब रोज सकाळी तो व्हिडिओ भिंतीवर लावतात आणि विचारतात, हा कोण. सगळे हसतात. मीही हसतो. व्हिडिओत तोंड झाकलेलं आहे म्हणून कुणाला कळत नाही. जे तुम्हाला नको आहे त्याच्यामुळेच मी अजून वाचलो आहे.

तुम्ही म्हणाल भित्रा आहे. आमच्यातल्या एकाचा फोटो, घरचा पत्ता आणि बायकोचं कामाचं ठिकाण असं सगळं लोकांनी इंटरनेटवर टाकलं. तिला नोकरी सोडावी लागली. माझी आई एकटी राहते. तिच्या दारावर उद्या कुणी काही लिहून गेलं, तर पुसायला कोण आहे तिथे? तुमच्या आमदारबाई येणार आहेत का?

एउसेबिओ कुठे आहे ते मी सांगू शकत नाही. सांगितलं हे कळलं तर नोकरी जाईलच, वर खटलाही होईल. विचारू नका.

सुनावणीला जायचंच असेल तर एवढंच सांगा की तुम्ही आम्हा सगळ्यांनाच आशीर्वाद दिला, जो समोर आला त्याला दिला. तुमच्या वयाच्या बाईवर कोण शंका घेणार आहे? हे खोटं काही फार मोठं नाही. लहानपणी मी तुमच्या फळीवरची साखरेची बिस्किटं चोरायचो, तेव्हा तुम्ही आईला सांगायचात की तुम्हीच दिली. तसंच समजा.

आईला कळू देऊ नका. मी मेणबत्त्यांच्या सणाला घरी जाणार होतो, ते आता नको वाटतं.

मला आशीर्वाद लिहिला नाहीत ते लक्षात आलं.

तुमचा,
एलॉय

---

आल्तो देल पिन्योन
२९ जानेवारी

कासिल्दाबाई,

नमस्कार चमत्कार नंतर. चर्चच्या हॉलमध्ये तरुण पोरं टेकडीवरून काहीबाही फोनमध्ये भरून आणतात आणि आम्हा म्हाताऱ्यांना दाखवतात. काल दाखवलं, ही बघा ला होया सेकाची पुण्यवान बेकरीवाली. सगळ्या बायांनी छातीवर क्रूस काढला. मीही काढला. मग त्या माणसाने टोपी काढली.

आईला तोंड दिसावं लागत नाही. डोक्यावरच्या केसांचा भोवरा मी तेलाने चोपून चोपून बसवला आहे. बाया म्हणत होत्या, बघा, राक्षसाचंसुद्धा मन विरघळलं. मी म्हटलं, हो ना. आणि उठून घरी आले.

तू मला सांगितलं नाहीस. होय, ‘तू’ म्हणते आहे, कारण शाळेतली कासिल्दाच असं करायची, कोमाद्रे असं करत नाही. माझ्या पोराचं माझ्याआधी तुला कळलं आणि तू मला चीज मागत बसलीस.

आता ऐकते आहे की तू सांता फे इथे जाऊन शपथेवर बोलणार. आमदारबाईंनी तुझ्या हातावर काय ठेवलंय ते मला माहीत नाही आणि त्याची मला पर्वाही नाही. तू त्याचं नाव घेतलंस तर या खोऱ्यात त्याला कुणी पाणी देणार नाही. त्याच्याबरोबरचे लोक त्याला सोडतील ते वेगळंच. मला एकच आहे. तुला एकही नाही, म्हणून कदाचित हे कळत नसेल. हे लिहिल्यावर मी खोडणार होते, पण राहू देते.

आठवतं ना, बाप्तिस्म्याच्या दिवशी मी तापाने फणफणले होते, मागे भिंतीला टेकून उभी होते. फादरनी विचारलं, बाळाचं नाव काय. तू त्याला छातीशी धरून मोठ्याने नाव सांगितलंस, सगळ्या चर्चने ऐकलं. ते नाव तू दिलंस ते सांभाळायला. बाजारात मांडायला नाही.

आणि त्याने काय केलं, हे मला कुणी सांगत का नाही? तो खुर्चीवर बसत नव्हता, मग काय करत होता? मी राक्षसांना आया असतात असं तुला शहाणपणाने लिहिलं होतं. आता ते वाक्य रात्रंदिवस माझ्याच कानात वाजतं.

जाऊ नकोस. पाया पडते.

ओफेलिया

---

ला होया सेका
४ फेब्रुवारी

प्रिय कोमाद्रे ओफेलियाबाई यांस,
स. न. वि. वि. तुम्ही तू म्हणा, मी तुम्हीच म्हणणार.

तुमचं पत्र वाचलं. न खोडलेलं वाक्यही वाचलं. खरं आहे, मला एकही नाही. म्हणूनच मी गावातली एकोणीस लेकरं बाप्तिस्म्याला हातावर घेतली. जाऊ द्या.

मी गेले होते. मौरा बरोबर होती. जाताना रस्त्यात तिने एकदाच विचारलं की तुम्हाला तो माणूस माहीत आहे का. मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या आयुष्यात इतका लांब रस्ता मी पाहिला नाही.

सभागृहात खूप गर्दी होती. कायद्याच्या बाजूचे बोलले, विरुद्ध बाजूचेही बोलले. एका म्हाताऱ्या आमदाराने अगदी नीट सांगितलं की हे वॉशिंग्टनच्या सरकारचे अधिकारी आहेत, आपल्या राज्याने त्यांना टोपी कशी घालावी ते सांगितलं तर कोर्ट ते फेकून देईल. दुसऱ्याने अधिकाऱ्यांच्या मुलाबाळांना आलेल्या धमक्या वाचून दाखवल्या. ते ऐकून मला तुमचं आठवलं. ते खोटं नव्हतं बोलत.

मग मला उभं केलं. हात वर करून शपथ घेतली. जे पाहिलं ते सांगितलं. गाड्या, फोटो, एउसेबिओची न उघडलेली पावती. त्यानंतर त्या दुसऱ्या आमदाराने भिंतीवर व्हिडिओ लावला आणि गोड आवाजात विचारलं की, बाई, तुम्ही तर या अधिकाऱ्याला आशीर्वाद देत आहात, म्हणजे तोंड झाकलेलं असूनही तुम्हाला भीती वाटली नाही, असंच ना.

एलॉयने मला एक उत्तर सुचवलं होतं. सोपं होतं. ते ओठांवर आलंही होतं. मी मौराकडे बघितलं. ती माझ्या हाताकडे बघत होती.

मी सांगितलं, भीती वाटली. पण समोर मान झुकली आणि हात वर गेला, कारण ती मान माझ्या ओळखीची होती. तो माझा धर्मलेक आहे.

माझ्या आमदारबाईंचाच चेहरा उतरला, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या गोड आवाजाच्या माणसाने खाली कागद बघितले आणि मग विचारलं की त्याचं नाव काय. अध्यक्षबाई म्हणाल्या, नाव सांगायची सक्ती नाही. मी म्हटलं, मी सांगते.

कोमाद्रे, मी काय बोलले ते शब्दाला शब्द लिहिते, म्हणजे कुणी वेगळं सांगितलं तर कळेल. मी म्हटलं, फादरनी विचारलं तेव्हा त्याचं नाव मी सांगितलं होतं, कारण तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. आता तो एकोणतीस वर्षांचा आहे. आता त्याला बोलता येतं. कुणाच्या दारात उभं राहून त्याचा माणूस घेऊन जायचं, तर आपलं नाव आपण सांगायचं. ते माझ्याकडून काढून घेऊ नका, त्याला सांगायला लावा. तुमचा हा कायदा त्याच्यासाठीच आहे असं मला वाटतं, म्हणून मी आले.

एवढं बोलून खाली बसले. नाव घेतलं नाही. पण घेतल्यासारखंच झालं, हे मलाही कळतं. माझे धर्मलेक कोण कोण ते गाव बोटांवर मोजत असेल, आणि सगळ्यांची बोटं शेवटी एकाच ठिकाणी येतील. मी तुमचं ऐकलं नाही आणि पुरतं मोडलंही नाही. याची शिक्षा काय द्यायची ते तुम्ही ठरवा.

कायदा समितीतून एका मताच्या फरकाने पुढे गेला. पुढच्या सभागृहात टिकेल की नाही, टिकला तर कोर्टात राहील की नाही, कुणी सांगू शकत नाही. एउसेबिओचा अजून पत्ता नाही. परत येताना मौराने गाडीत माझा हात हातात घेतला. तोच हात.

या खेपेला चीज मागत नाही.

तुमचीच कोमाद्रे,
कासिल्दा

---

ला होया सेका
१३ फेब्रुवारी

प्रिय कोमाद्रे ओफेलियाबाई यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र नाही. बसच्या ड्रायव्हरला रोज विचारते, तो मान हलवतो. तरी लिहिते, कारण हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. एकदा मी ती चूक केली आहे.

काल दुपारी दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मौरा भट्टीपाशी, मी पीठ मळत होते. एलॉय दारात आला. साधा सदरा, डोक्यावर काही नाही, तोंड उघडं. वाळलाय, तुमची इच्छा पुरी झाली. मला वाटलं माझ्याकडे येईल. तो माझ्यासमोरून सरळ आत गेला, मौरापुढे उभा राहिला आणि त्याने आपलं नाव सांगितलं. एलॉय मोंतोया बाका. बापाचं आणि तुमचं, दोन्ही आडनावांसकट, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं. म्हणाला, तुमच्या नवऱ्याला नेलं त्या दिवशी मी इथे होतो.

मग सांगितलं की एउसेबिओ शेजारच्या राज्यात आहे, कुठल्या छावणीत ते सांगितलं, आणि त्याला आईच्या आडनावाखाली नोंदवलं आहे म्हणून कुणाला सापडत नव्हता हेही सांगितलं. इथे येण्याआधी सकाळी साहेबांनी व्हिडिओ लावला तेव्हा याने हात वर करून सांगितलं होतं की तो मी. त्याला रजेवर पाठवलंय. नोकरी राहील असं त्याला वाटत नाही. मौराला हे सांगितल्याबद्दल आणखी काय होईल ते त्यालाही माहीत नाही.

मौराने त्याला नाव पुन्हा सांगायला लावलं. त्याने सांगितलं. ती म्हणाली, हे नाव मी वकिलाला देणार आहे. तो म्हणाला, द्या. ती म्हणाली, कोर्टातही घेणार आहे. तो म्हणाला, घ्या, मी येईन. मग तिने भट्टीतून पाव काढायला सुरुवात केली, कारण ते करपत होते, आणि फोन करायला मागच्या खोलीत गेली. ती रडली नाही. रडले मी, पिठात.

जाताना तो माझ्यापुढे थांबला आणि मान खाली घातली. कोमाद्रे, माझा हात अर्धा वर गेला. तुमच्यापासून लपवत नाही, फार जीव तुटला. पण मी हात खाली घेतला. त्याला म्हटलं, तुझा आशीर्वाद तयार आहे, कुणाला देत नाही. एउसेबिओ या भट्टीपाशी परत उभा राहिला की येऊन घेऊन जा. तो तसाच मान खाली घालून म्हणाला, बरं माद्रीना.

तो उद्याच्या बसने तुमच्याकडे येतो आहे. खायला घाला. विचारायचं ते सगळं विचारा, तो सांगेल. त्याचा आशीर्वाद मी अडवला आहे, तुमचा तुम्ही अडवावा असं माझं म्हणणं नाही. आईचं वेगळं असतं.

आज आम्ही त्या छावणीत फोन केला. पलीकडच्या माणसाने आईचं आडनाव विचारलं, शोधलं आणि थांबा म्हणाला. मग एउसेबिओचा आवाज आला. त्याने आधी मुलीचं विचारलं आणि मग, भट्टी नीट पेटते का.

लोभ उरला आहे की नाही ते मला कळवा. चिठ्ठी नको असेल तर चीजवरूनही कळेल.

तुमची,
कासिल्दा

---

आल्तो देल पिन्योन
१८ फेब्रुवारी

प्रिय कोमाद्रे कासिल्दाबाई यांस,
ओफेलियाचा स. न. वि. वि.

एलॉय आला आहे. तीन दिवस बोलतो आहे. सगळं ऐकवत नाही, पण ऐकते. मी त्याला अडवलं नाही, तुम्ही अडवलंत तेवढं पुरे.

तुम्हाला तू म्हटलं आणि ते एक वाक्य लिहिलं, ते पत्र तुम्ही जाळून टाका. मी इथे जाळू शकत नाही, ते तुमच्याकडे आहे.

ड्रायव्हरबरोबर चीजचे दोन गोळे पाठवते. लहान तुमचा. मोठा मौराच्या घरी द्या, आणि देताना कुणी पाठवलंय ते सांगा. कुठल्या तरी कोमाद्रेने म्हणू नका. एलॉय मोंतोया बाकाच्या आईने पाठवलंय, असं नाव घेऊन सांगा. ती घेणार नाही म्हणाली तर परत आणू नका, तिच्या दारात ठेवून या.

लोभ आहे.

तुमची कोमाद्रे,
ओफेलिया